हात उगारण्याआधी

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतल्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. शहरात प्लेग शिरल्याचं उघड होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. आज आपण ज्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो, ते हे पालिकेचं साथीच्या रोगांचं रुग्णालय. प्लेगचा संशय आला की माणसाला घरातून उचलून तिथे नेत, आणि नेलेल्यांतले बरेचसे परत येत नसत. आत काय चालतं हे बाहेरच्यांना दिसत नव्हतं. मग ज्याला जे सुचेल ते खरं ठरू लागलं. डॉक्टर माणसं मारतात आणि त्यांच्या अंगातून औषध काढतात, राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं म्हणून राणीला आता मुंबईकरांची काळजं हवी आहेत, अशा वावड्या उठल्या होत्या.

पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडच्या वधाची गोष्ट मराठी मुलांना शाळेतच कळते. आर्थर रोडच्या या हल्ल्याची आठवण मात्र फारशी कुणी ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी, कारण त्यानंतर प्रशासनाने दोन वेगवेगळ्या वाटा धरल्या. पहिली वाट माघारीची होती. ज्याला घरीच वेगळं ठेवून उपचार करता येतील त्याला बळजबरीने न्यायचं नाही, असं पालिकेला जाहीर करावं लागलं. पुढे वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं काढायची मुभा मिळाली. दुसरी वाट हुकमाची होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला आणि अधिकाऱ्यांच्या हाती घरात घुसण्यापासून माणूस उचलण्यापर्यंत सगळे अधिकार आले. मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीला घरातून नेण्यावरून मुंबईत पुन्हा दंगल उसळली.

आज डॉक्टरला मारहाण झाली की आपल्यासमोर पुन्हा याच दोन वाटा असतात, आणि आपण बहुतेक वेळा दुसरी निवडतो: कडक कायदा, जास्त पहारा, मोठी शिक्षा. हे सगळं हवंच. पण ते कामाला येतं हात उठल्यानंतर. रुग्णालयातला हात अचानक उठत नाही. त्याआधी काही तास जातात, आणि त्या तासांत काय घडतं यावर पुढचं सगळं ठरतं.

मार कुणाला पडतो

बातमीत मार खाणारा बहुधा डॉक्टर असतो. वॉर्डात मात्र चित्र वेगळं दिसतं. रुग्णाच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त वेळ सिस्टर आणि ब्रदर असतात. स्ट्रेचर ओढणारे मामा, बेडपॅन देणाऱ्या मावशी, गेटवरचा सुरक्षारक्षक, केसपेपर काढणारा कारकून, या सगळ्यांच्या वाट्याला शिवी रोजची असते. आशा कार्यकर्ती तर एकटीच लोकांच्या दारात जाते. तिच्या मागे ना वॉर्ड असतो ना रक्षक. कोविडच्या पहिल्या लाटेत सर्वेक्षणाला गेलेल्या आशांना आणि परिचारिकांना अनेक ठिकाणी शिवीगाळ आणि धक्काबुक्की सोसावी लागली.

जगभर हे प्रमाण किती आहे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २५३ अभ्यास आणि ३ लाख ३१ हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती एकत्र केली गेली. मागच्या वर्षभरात कामाच्या ठिकाणी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची हिंसा सोसल्याचं जवळपास ६२ टक्क्यांनी सांगितलं होतं. शारीरिक हल्ला सोसलेले सुमारे २४ टक्के होते. बाकी सगळं शिव्या, धमक्या, लैंगिक छळ.

यातलं कागदावर किती येतं? अमेरिकेतल्या एका रुग्णालय समूहात संशोधकांनी कर्मचाऱ्यांना आधी विचारलं आणि मग त्याच रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात हिंसा सोसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांनी अधिकृत नोंद केलेलीच नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही सिस्टरला विचारा, कारण लगेच कळेल. नोंद करायला वेळ नसतो. केलीच तर 'तूच काहीतरी बोलली असशील' हे ऐकावं लागतं. आणि शिवी खाणं हा नोकरीचाच भाग आहे, हे पहिल्या वर्षातच अंगवळणी पडलेलं असतं. जिची नोंद नाही ती घटना व्यवस्थेच्या लेखी घडलेलीच नसते. मग रक्षक कुठे हवा, दिवा कुठे हवा, कोणत्या पाळीला माणसं वाढवायला हवीत, हे ठरवायचं कशावरून?

आणखी एक गोष्ट नीट वेगळी काढायला हवी. रुग्णालयातली सगळी हिंसा नातेवाइकांकडूनच येते असं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला केला तो तिथल्याच एका वॉर्डबॉयने. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अचेतनावस्थेत होत्या आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या निवासी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. शिक्षा झाली ती रुग्णालयात पोलिसांच्या वतीने काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली, २० ऑगस्टच्या आदेशात अरुणा शानबाग यांचा उल्लेख केला आणि एक राष्ट्रीय कृतिगट नेमला.

या दोन घटनांना नातेवाइकांना पास देऊन किंवा डॉक्टरांना गोड बोलायला शिकवून उत्तर मिळत नाही. तिथे हवी असते ती रात्रपाळीची कडी लागणारी विश्रांतीची खोली, उजेड असलेला जिना, चालू स्थितीतला कॅमेरा, कुणाला कुठवर जाता येतं याचं बंधन, आणि छळाची तक्रार ऐकणारी समिती. संतापलेल्या नातेवाइकाची हिंसा आणि संधी साधणाऱ्या गुन्हेगाराची हिंसा हे दोन वेगळे आजार आहेत. औषधं वेगळीच लागणार. पुढचं विवेचन पहिल्या प्रकाराविषयी आहे, कारण रोज घडतो तो हाच.

कायदा काय करतो, काय करत नाही

आंध्र प्रदेशाने २००८ मध्ये वैद्यकीय सेवा देणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१० चा. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी असे सगळे त्यात येतात. हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मोडतोड केलेल्या उपकरणांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई, अशी शिक्षा आहे.

हा कायदा लागू असतानाच मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला होता. रुग्णालयात मेंदूचा शल्यविशारद नव्हता, म्हणून रुग्णाला दुसरीकडे न्यावं लागेल असं या डॉक्टरने सांगितलं, आणि जमाव त्याच्यावर तुटून पडला. पाठोपाठ आणखी ठिकाणी हल्ले झाले, राज्यभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचलं. सरकारी रुग्णालयांत महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे अकराशे रक्षक नेमण्याचं आणि एका रुग्णासोबत दोनच नातेवाईक आत सोडण्याचं आश्वासन राज्य सरकारने दिलं.

रक्षकांची मागणी रास्तच होती. पण धुळ्यातला तो डॉक्टर कशासाठी मार खात होता? जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूचा शल्यविशारद नसणं ही त्याची चूक नव्हती. ती उणीव दुसऱ्या कुणी निर्माण केली होती. ती सांगण्याचं काम मात्र त्याच्या वाट्याला आलं होतं. व्यवस्थेतल्या प्रत्येक त्रुटीचा निरोप्या शेवटी रात्रपाळीचा सर्वांत कनिष्ठ डॉक्टर असतो. औषध बाहेरून आणा, खाट रिकामी नाही, सीटी स्कॅन बंद आहे, मोठे डॉक्टर सकाळी येतील, ही सगळी वाक्यं तोच बोलतो.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून साथरोग कायद्यात दुरुस्ती केली आणि सप्टेंबरमध्ये तिचा कायदा झाला. १८९७ चा तोच कायदा, ज्याच्या सक्तीने लोक दवाखान्यांच्या जिवावर उठले होते, आता आरोग्य कर्मचाऱ्यांची ढाल झाला. हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर दुखापतीला सहा महिने ते सात वर्षं कैद, तीस दिवसांत तपास. मात्र ही ढाल साथीच्या काळापुरती. २०१९ मध्ये देशभरासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा तयार झाला होता, तो पुढे गेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आदेश काढला, की कामावरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवावा. हा आदेश छोटा वाटतो, पण मोलाचा आहे. मार खाल्लेल्या पोरीने एकटीने पोलीस ठाण्याची पायरी चढणं आणि अधिष्ठात्याने संस्थेच्या वतीने तक्रार देणं यात फार अंतर आहे.

तरीही कायद्याला एक मर्यादा राहतेच. शिक्षेचा धाक हिशेब करणाऱ्याला वाटतो. ज्याचा भाऊ आत्ता गेला आहे आणि ज्याला गेले सहा तास कुणी काही सांगितलेलं नाही, तो कलमं आठवत बसत नाही. धाक बसतो तो दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन येणाऱ्या, बिल माफ करून घ्यायला आलेल्या 'भाऊं'ना. आणि त्यांना तो बसतो गुन्हे खरोखर शेवटाला गेले तरच. दोन महिन्यांनी तडजोड होऊन तक्रार मागे घेतली जात असेल, तर कलम कितीही कडक असून उपयोग नाही.

आणि २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याला दुसरा अर्धा भागही आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार असलेल्यांचं ऐकून घेण्यासाठी, त्यांना योग्य ठिकाणी दाद मागायला सल्ला आणि मदत देण्यासाठी जिल्हा पातळीवर एक प्राधिकरण असावं, त्यात वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ आणि आरोग्य व्यवस्थापन यांतली जाणकार माणसं असावीत, असं कायदाच सांगतो. कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं, की हात उगारू नका म्हणायचं असेल तर दाद मागायचं दार कुठे आहे तेही दाखवावं लागतं. मोर्चात, मागण्यांच्या पत्रकात, बातम्यांत शिक्षेचं कलम नेहमी येतं. हे दुसरं कलम क्वचितच कुणाच्या तोंडी असतं.

संताप कसा शिजतो

एक नेहमीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावात संध्याकाळी एकाच्या छातीत दुखायला लागतं. जवळचा दवाखाना म्हणतो, मोठ्या ठिकाणी न्या. ग्रामीण रुग्णालयात एक इंजेक्शन मिळतं आणि चिठ्ठी मिळते. गाडी मिळेपर्यंत तास जातो. शहरातलं खाजगी रुग्णालय अनामत मागतं. दागिने किंवा उसनवारी यातलं काहीतरी होतं. दोन दिवसांनी पैसे संपतात आणि रुग्ण सरकारी रुग्णालयात येतो, बहुधा रात्री, बहुधा हाताबाहेर गेलेल्या अवस्थेत. एव्हाना सोबतच्या माणसांची झोप उडालेली असते, पोटात अन्न नसतं, खिसा रिकामा असतो. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला सुमारे ३९ टक्के भाग २०२१-२२ मध्ये थेट लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये तो ६४ टक्के होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी अजूनही आजारपण म्हणजे घर धुऊन निघणं, हा अनुभव लाखो कुटुंबांचा आहे.

आता कॅज्युअल्टीतलं दृश्य बघा. नंतर आलेल्याला आधी आत घेतात. वैद्यकात याला तर्क आहे: कुणाचा जीव आत्ता धोक्यात आहे ते पाहून क्रम लावायचा. पण हा तर्क बाकड्यावर बसलेल्याला कुणी सांगितलेला नसतो. त्याला दिसतं ते एवढंच, की नंतर आलेल्याचा वशिला चालला, आपला नाही. आत डॉक्टर छातीवर दाब देत असतो, बाहेर दार बंद असतं. तासाभराने कुणीतरी सही घ्यायला येतं, कशावर ते घाईत कळत नाही. दरम्यान फोन गेलेले असतात. गावाकडून जीप भरून माणसं निघालेली असतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी रुग्णाला पाहिलेलंही नसतं. ते आलेले असतात ते 'आपल्या माणसासाठी उभं राहायला'.

आणि मग, गर्दी सर्वांत मोठी असताना, दाराच्या फटीतून एक पंचविशीतला डॉक्टर उभ्याउभ्या सांगतो: 'पेशंट गेला.' तो स्वतः कदाचित चोवीस तास जागा असतो. निवासी डॉक्टरांच्या कामाचा आठवडा ७४ तासांहून मोठा नसावा, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये केली. मर्यादा म्हणून सुचवलेला आकडाच ७४ आहे, यावरून प्रत्यक्षाची कल्पना यावी.

यातला एकही क्षण हिंसेचं समर्थन करत नाही. मारणारा मारतो तेव्हा जबाबदारी त्याचीच असते, आणि सहा तास ताटकळलेल्या शंभरांतले नव्याण्णव हात जोडूनच घरी जातात. पण या साखळीतली प्रत्येक कडी तोडता येण्यासारखी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच कड्या तोडायला पोलीस लागत नाहीत.

जिथे उपाय लागू पडले

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या तातडीच्या विभागांत वाढत्या दमदाटीवर उपाय शोधायचं काम २०११ च्या सुमारास रक्षकांऐवजी एका डिझाइन संस्थेला दिलं गेलं. त्यांनी साउदॅम्प्टन आणि लंडनच्या दोन रुग्णालयांत भिंतींवर, जागोजागी, पाट्या लावल्या: तुम्ही आत्ता कुठे आहात, इथे काय होतं, पुढे काय होईल, नंतर आलेला आधी का जातो, सध्या किती वेळ लागतो आहे. मूल्यमापनात धमकावणारं वर्तन निम्म्याने कमी झाल्याचं आढळलं. चारांतल्या तीन रुग्णांनी सांगितलं, की पाट्यांमुळे वाट पाहण्यातली चिडचिड कमी झाली. खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे तीन पौंडांचा फायदा झाला. वाट पाहण्याचा वेळ पाट्यांनी कमी केला नव्हता. कमी झालं होतं ते अंधारात बसणं. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या पाट्या आठवून पाहा: 'शांतता राखा', 'थुंकू नये', आणि अलीकडे 'डॉक्टरांवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे'. सगळ्या पाट्या आज्ञा देतात. माहिती देणारी एखादीच.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, सात रुग्णालयांतल्या ४१ विभागांमधला. निम्म्या विभागांना त्यांच्याच विभागातल्या हिंसक घटनांची आकडेवारी दिली: कुठे, कोणत्या वेळी, कशावरून. मग तिथल्या प्रमुखांनी संशोधकांबरोबर विभागात फेरी मारली आणि आपल्यापुरता एक आराखडा केला. बाकीचे विभाग पूर्वीसारखेच चालू ठेवले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातलं हिंसक घटनांचं प्रमाण दुसऱ्याच्या जवळपास निम्मं होतं, आणि दोन वर्षांनीही हिंसेतून होणाऱ्या दुखापती कमीच होत्या. इथे वर आलेला नोंदीचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरतो. नोंद असेल तर कळतं, की भांडणं भेटीची वेळ संपताना होतात, की रक्तपेढीच्या खिडकीवर, की पाळी बदलते त्या अर्ध्या तासात. उपाय तिथेच करता येतो.

मग कर्मचाऱ्यांना 'संवाद कौशल्या'चं प्रशिक्षण देण्याचं काय? मारहाण झाली की पहिली कार्यशाळा त्याचीच होते. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा प्रशिक्षणांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्रशिक्षणाने ज्ञान आणि आत्मविश्वास थोडा वाढतो, पण केवळ त्याने हल्ल्यांची संख्या घटते असा भरवसा देता येत नाही, असा त्याचा सूर आहे. हे समजण्यासारखं आहे. एका डॉक्टरमागे साठ रुग्ण असतील तर गोड बोलायला लागणारी दोन मिनिटं तो आणणार कुठून? प्रशिक्षण हवं, पण त्याचा उपयोग करता येईल इतकी माणसंही हवीत.

प्रशिक्षणातली एक गोष्ट मात्र प्रत्येक सिस्टरच्या अनुभवाशी जुळते: संताप दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या परिचारिका-संशोधकांनी २००७ मध्ये तातडीच्या विभागाचं निरीक्षण करून पाच खुणा नोंदवल्या: एकटक रोखून बघणं, आवाजाची पट्टी बदलणं, घालमेल, पुटपुटणं आणि येरझाऱ्या. यांतल्या दोन-तीन एकत्र दिसल्या की कुणीतरी ज्येष्ठ व्यक्तीने जाऊन बोलायला हवं. बाजूला, बसवून, त्यांच्या नावाने हाक मारून. 'काका, तुमच्या मुलाला आत ऑक्सिजन लावलाय, रक्ताचा रिपोर्ट तासाभरात येईल, आला की मी स्वतः सांगायला येते', एवढं वाक्य पुष्कळदा पुरतं. आणि मग तासाभराने खरंच यावं लागतं, रिपोर्ट आलेला नसला तरीही.

मृत्यूची बातमी देण्याचंही शास्त्र आहे. कर्करोगाच्या रुग्णांशी बोलण्यासाठी २००० मध्ये मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत आज जगभर शिकवतात. जागा निवडा, त्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचारा, किती ऐकायची तयारी आहे ते ओळखा, साध्या शब्दांत सांगा, भावनेला वाट द्या, पुढे काय करायचं ते सांगा. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली आहे. पण वॉर्डातला नियम याहून साधा असू शकतो: गंभीर रुग्णाच्या घरच्यांशी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरने बोलायचं, मृत्यूची बातमी कनिष्ठाने एकट्याने द्यायची नाही, आणि ती द्यायची दोन-तीन जवळच्या माणसांना, खोलीत बसवून. मृत्यू अचानक आला असं घरच्यांना वाटतं, ते पुष्कळदा आधीच्या दोन दिवसांत कुणी 'परिस्थिती गंभीर आहे' हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलेलं नसतं म्हणून. 'क्रिएटिनिन वाढलंय' हे सांगणं झालं. 'मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत, जिवाला धोका आहे' हे कळवणं झालं.

तरीही काही वेळा हात उठणारच. केरळमध्ये कोट्टारक्करा इथल्या तालुका रुग्णालयात मे २०२३ मध्ये एका तरुण डॉक्टरचा खून झाला, तो पोलिसांनीच उपचारासाठी आणलेल्या माणसाच्या हातून, तिथल्याच कात्रीने. तिथे संवादाने काही झालं नसतं. म्हणून खोलीला दोन दारं हवीत आणि डॉक्टरची खुर्ची दाराच्या बाजूला हवी. कात्री, सलाइनचा स्टँड हाताशी पडलेले नसावेत. धोक्याची घंटा हवी, ती वाजली की कोण धावून येणार हे आधीच ठरलेलं हवं, आणि हे सगळं वर्षातून दोनदा करून पाहिलेलं हवं. पोलिसांबरोबर आलेल्या माणसाला तपासताना पोलीस खोलीत कुठे उभे राहतील, हेसुद्धा लिहिलेलं असावं.

दाद मागायचं दार

नातेवाइकांच्या बाजूनेही एक प्रश्न खरा असतो: चूक खरंच झाली असेल तर? डॉक्टर चुकतात, काही रुग्णालयं लुबाडतात, हे नाकारून हिंसा थांबणार नाही. दाद मागायच्या वाटा मात्र आहेत. १९९५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. राज्य वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. फौजदारी कारवाईबाबत २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने तोल सांभाळला: डॉक्टरला केवळ तक्रारीवरून अटक करायची नाही, आधी त्या विषयातल्या निष्पक्ष तज्ज्ञाचं मत घ्यायचं. खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावावेत, असं महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांत सांगितलं आहे. रुग्णाचे कागद मागायचा हक्क नातेवाइकांना आहे, आणि मारहाणीपेक्षा त्या कागदांची ताकद फार मोठी आहे.

अडचण ही, की या वाटा लांब आहेत आणि पहिल्या रात्री त्यातली एकही दिसत नाही. त्या रात्री हवा असतो एक माणूस. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. योजनेची कागदपत्रं, पैशांची सोय, वॉर्ड आणि घरचे यांच्यातला दुवा, हे त्यांचंच काम. पण ते सहसा दिवसा असतात आणि संताप रात्री शिजतो. प्रत्येक पाळीला असा एक माणूस कॅज्युअल्टीत बसवला तर तो दोन रक्षकांइतकं काम करेल, असं मला वाटतं.

डॉक्टरांच्या संघटनांनीही एक पाऊल पुढे यायला हवं. चुकलेल्या सहकाऱ्याची चौकशी त्या जितक्या मोकळेपणाने मागतील, तितकं 'आम्हाला मारू नका' हे म्हणणं लोकांच्या गळी उतरेल. आणि नगरसेवक, आमदार, गावचे दादा यांनी एक साधा नियम पाळावा: रुग्णालयात फोन करायचा तो खाट आहे का हे विचारायला, माणसं घेऊन दार ठोठावायला जायचं नाही.

ज्यांना हे वाचून काही करावंसं वाटेल त्यांच्यासाठी जागा आधीच आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या हाती थोडा निधीही असतो. आपल्या तालुक्याच्या समितीत कोण आहे ते शोधा आणि चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षी इथे कर्मचाऱ्यांना शिवीगाळ किंवा मारहाणीच्या किती घटना नोंदल्या गेल्या? रात्री कॅज्युअल्टीत नातेवाइकांशी बोलायला कोण असतं? किती वेळ लागेल हे सांगणारी पाटी कुठे आहे? रात्रपाळीच्या सिस्टरच्या खोलीला आतून कडी आहे का? पहिल्याचं उत्तर 'एकही नाही' असं आलं तर खूश होऊ नका. नोंदवही मागा, आणि ती लिहिली जाते की नाही तेही पाहा.